पोह्यांनंतरचे दोन तास

पनवेलच्या शर्मिला दिघ्यांनी चौदा वर्षांत तीनशे एकेचाळीस मुलींना पोहे खाऊ घातले, आणि त्यातल्या एकीनेही दुसऱ्यांदा मागून घेतले नाहीत. घेणार कशा? शेंगदाणे नाहीत, खोबरं नाही, वर लिंबू पिळायचं नाही. अठ्ठ्याण्णव ग्रॅम कोरडे जाडे पोहे, अर्धा चमचा तेलाची फोडणी, हळद, मीठ, संपलं. मुलीने ते दहा मिनिटांत संपवायचे आणि पुढचे दोन तास खुर्चीवरून हलायचं नाही. दंडाला चिकटवलेली नाण्याएवढी टिकली दर अर्ध्या मिनिटाला रक्तातली साखर मोजणार, टीव्हीवर तिची रेघ उमटत जाणार, आणि दोन्हीकडची मंडळी सोफ्यावर बसून ती बघणार. पूर्वी मुलगी पोहे घेऊन बाहेर यायची आणि मुलगा ते खायचा. आता मुलगीच खाते. प्रगती झाली म्हणायची!

हे असं का झालं ते सांगायला हवं. पोहे पोटात गेले की त्यातल्या पिष्टाची साखर व्हायला वेळ लागत नाही. ती रक्तात उतरते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि इन्सुलिन ती साखर उचलून स्नायूंत आणि यकृतात नेऊन ठेवतं. एवढं शाळेत शिकवतात. पण एकाच मापाचे पोहे दोघींनी खाल्ले तर दोघींच्या रेघा सारख्या येत नाहीत. एकीची सावकाश चढते, सावकाश उतरते. दुसरीची सरळ वर जाते आणि तशीच खाली कोसळते. कोसळताना हात कापतात, डोकं भणभणतं, काही कारण नसताना रडू येतं, समोर जो असेल त्याच्यावर राग निघतो. मेंदूला साखर लागते ती संथ धारेने लागते. एकदम पूर किंवा एकदम दुष्काळ त्याला सोसत नाही.

चाळीस लाख माणसांच्या रेघा पस्तीस-चाळीस वर्षं जमवल्यावर शास्त्रज्ञांना दिसलं की पंचविशीतली रेघ बघून पन्नाशीतला मधुमेह सांगता येतो, नैराश्य सांगता येतं, साठीतला विसराळूपणासुद्धा सांगता येतो. शिवाय पोटातल्या बाळाची रेघ आईच्या रेघेवर घडते. ही नुसती शक्यता आहे हो, असं ते बिचारे कंठशोष करून सांगत होते. पण आपल्याकडे शक्यतेला कोण विचारतो? लोकांनी पत्रिका बासनात बांधल्या आणि रेघा मागायला सुरुवात केली. मुलींच्याच. मुलगा लॅबचा कागद दाखवतो, आणि तोही कुणी नीट वाचत नाही.

कागदाला लबाडी चिकटते म्हणून मग निरीक्षक आले. परीक्षा दिलेल्या, शिक्का मिळालेल्या बायका. त्यांत दिघेबाईंचं नाव पनवेलपासून पेणपर्यंत सगळ्यांत वर होतं. त्या स्वतःचे पोहे स्टीलच्या डब्यातून नेत, मुलीच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने करत. मुलीकडच्यांच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ होत्या. आदल्या दिवशी करून गार केलेले पोहे पुन्हा गरम करून पुढे ठेवायचे, कारण गार झालेलं पिष्ट चटकन पचत नाही. आधी व्हिनेगरचं पाणी पाजायचं. बाथरूमला जाते म्हणून आत जाऊन उठाबशा काढायच्या. दिघेबाई बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून मोठ्याने विचारत, "काय गं, धापा कसल्या टाकतेस?" रेघ एकशे साठच्या वर गेली की नापास. दोन तासांनी एकशे वीसच्या खाली आली नाही तरी नापास. एकशे सहासष्ट मुली त्यांनी नापास केल्या होत्या आणि एकीच्याही बापाचा चहा घेतला नव्हता.

आज ज्या खुर्चीवर मुलगी बसायची होती ती खुर्ची त्यांच्याच घरातली होती. मुलगीही त्यांचीच होती.

ईश्वरी पंचवीस वर्षांची. तिचे वडील, सतीश दिघे, ती सहा वर्षांची असताना मधुमेहाने गेले, आणि नीट गेले नाहीत. आधी पायाचं बोट गेलं, मग पाय, मग किडन्या. त्याहून वाईट होतं ते त्यांचं डोकं. सकाळी लेकीला मांडीवर घेणारा माणूस दुपारी तिच्या अंगावर ताट भिरकावायचा आणि संध्याकाळी हमसून हमसून रडायचा. बुटात पेढे लपवून ठेवायचा. शर्मिलाबाईंनी त्यांच्या तेराव्याला ठरवलं की या पोरीच्या रक्तातून ती साखर मी आयुष्यभर अडवून धरीन. आणि धरलीही. वाढदिवसाला दुधीचा केक. ताटात आधी कोशिंबीर, मग डाळ, मग मोजून अर्धी मूद भात, हाच क्रम. चुकला तर ताट उचललं जायचं. दहाव्या वर्षी दंडावर टिकली आली आणि आईच्या मोबाइलवर पोरीची रेघ दिसू लागली. शाळेतून फोन यायचा नाही, शाळेत फोन जायचा. "आत्ता एकशे बेचाळीस कशी झाली? कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?" पोरगी खरंच काही खाल्लेलं नसलं तरी रडत कबूल करायची. प्रेमच होतं ते. दिघेबाईंना त्याबद्दल कधी तिळमात्र शंका आली नाही.

ईश्वरीने निनाद टिपणीसशी लग्न ठरवलं होतं, स्वतःचं स्वतः, पुण्याला नोकरी करताना. निनादची आई वीणाताई, निवृत्त मुख्याध्यापिका, पहिल्याच फोनवर म्हणाल्या होत्या, "मुलगी मला आवडली. पण रेघ बघितल्याशिवाय मी कुणाच्या डोक्यावर अक्षता टाकत नाही. मोठ्या सुनेच्या वेळी नाही बघितली, ती आता दिवसभर अंधार करून पडून असते."

"बघा की," दिघेबाई म्हणाल्या. "मी स्वतः घेते. तुमची लेखी संमती असली की नियमात बसतं."

फोन ठेवल्यावर ईश्वरी बराच वेळ दारात उभी होती. "आई, दुसऱ्या कुणाला तरी बोलाव ना. पेणच्या त्या कुलकर्णीबाई आहेत."

"माझ्या मुलीचे पोहे दुसरी बाई करणार? लोक काय म्हणतील, स्वतःच्या घरी घाबरली? अगं, एकोणीस वर्षं मी तुझी रेघ घडवली आहे. येऊन बघू दे त्यांना."

"पण आई..."

"पण काय?"

ईश्वरीला ते पुढचं वाक्य बोलता आलं नाही. तिला कधीच आलं नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला टिपणीस मंडळी आली. वीणाताई, त्यांच्या मागून निनाद. दिघेबाईंनी पोहे केले, तोलून वाढले, आणि नियमाप्रमाणे मुलीसमोर हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसल्या. निरीक्षकाने नजर मुलीवरून काढायची नसते.

ईश्वरीने नऊ मिनिटांत पोहे संपवले. टीव्हीवर आकडे सुरू झाले. उपाशीपोटीच एकशे सात होते, ते दिघेबाईंना खटकलं. वीस मिनिटांनी एकशे अडतीस. वीणाताई निनादच्या नव्या फ्लॅटबद्दल बोलत होत्या, बोलता बोलता एक डोळा टीव्हीवर. तिसाव्या मिनिटाला एकशे एकोणसाठ. बत्तिसाव्याला रेघेने एकशे साठची लाल खूण ओलांडली आणि वीणाताईंचं बोलणं थांबलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

"उतरेल," दिघेबाई म्हणाल्या. त्यांनी ईश्वरीकडे रोखून बघितलं. काय खाल्लंस सकाळी, हे तोंडाने विचारायची गरज नव्हती. ती नजर पोरीच्या ओळखीची होती. ईश्वरी मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून अगदी स्थिर बसली होती. इतकी शांत मुलगी बघून कुणीही वाखाणलं असतं. रेघ एकशे शहात्तरवर गेली. पन्नासाव्या मिनिटाला एकशे अठ्ठ्याऐंशी.

चौदा वर्षांत दिघेबाईंनी पहिल्यांदा मुलीवरची नजर काढून खुर्ची सोडली. "चहा टाकते," एवढं म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. निरीक्षकाच्या मोबाइलवर आकडा दुरुस्त करायची एक कळ असते, टिकली सैल झाली वगैरे तर वापरायची. तिच्यावर त्यांनी कधी बोट ठेवलं नव्हतं. आज ठेवणार होत्या. खरंच ठेवणार होत्या; आई होत्या त्या. पण बोट टेकवायच्या आधी त्यांनी आकडा बघितला. एकशे ऐंशी. मग एकशे एकाहत्तर. त्या ओट्याला टेकून नुसत्या बघत राहिल्या. चहा उकळून गाळून होईस्तोवर एकशे एकोणपन्नास झाले होते.

"हुश्श! म्हटलं नव्हतं?" त्या मनाशीच म्हणाल्या, ट्रे उचलला, हसत बाहेर आल्या, कप दिले आणि पुन्हा आपल्या खुर्चीवर बसल्या.

पाच मिनिटांत एकशे छप्पन्न. सातव्या मिनिटाला एकशे चौसष्ट.

शेकडो रेघा वाचलेली बाई ती. एकदा उतरायला लागलेली रेघ पोटात नवा घास न जाता पुन्हा वर का वळेल? एकच कारण असतं, आणि ते प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नवव्या धड्यात छापलेलं होतं. माणूस घाबरला की शरीराला वाटतं, आता पळायचंय किंवा झगडायचंय. मग यकृत साठवलेली साखर एका दमात रक्तात सोडतं, आणि भीतीची संप्रेरकं इन्सुलिनचा हात धरून ठेवतात. त्या वेळी रेघ दाखवते ती भीती असते, पोहे नव्हेत. म्हणून तर फॉर्मवर शेवटचा रकाना होता : 'व्यक्ती शांत होती का? नसल्यास कारण लिहावे.' कारण लिहिलं तर तेवढा उंचवटा बाद धरायचा आणि दोन तासांचा शेवटचा आकडा मानायचा.

तीनशे एकेचाळीस वेळा त्यांनी तिथे 'होय' लिहिलं होतं. मुली मान खाली घालून बसत, रडत नसत, मग होयच की! वडखळच्या एका मुलीने त्यांचा हात धरून विचारलं होतं, "बाई, मला तुमची भीती वाटली हो, पुन्हा घ्याल का?" तिला त्या म्हणाल्या होत्या, "पोह्यांच्या बशीला घाबरतेस, तर संसार काय करशील?" त्या मुलीचं लग्न अजून झालेलं नाही हे त्यांना माहीत होतं.

"दिघेबाई," वीणाताई टीव्हीकडे बघत म्हणाल्या. तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेली बाई. तिच्या नजरेतून काय सुटणार? "तुम्ही जरा पुन्हा आत जाता का?"

"का?"

"जा तर खरं."

त्या उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. सात-आठ मिनिटांनी वीणाताईंचा आवाज आला, शाळेच्या वर्गात पोहोचेल असा. "एकशे सेहेचाळीस! आता बाहेर या."

त्या बाहेर आल्या. बसल्या. रेघ घटकाभर सरळ चालली आणि वर वळली. एकशे पन्नास. एकशे पंचावन्न.

"पुन्हा आत," वीणाताई म्हणाल्या.

"आई, पुरे ना," निनाद पुटपुटला, पण तोही टीव्हीकडेच बघत होता.

"पुरे कसं? एकदा झालं तर योगायोग असतो. प्रयोग करायचा तर नीट करावा."

दिघेबाई पुन्हा आत गेल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायांनी, दुसऱ्याच्या हुकमावर. अपमानाने कानशिलं तापली होती. पण त्याहून वाईट हे होतं की आत उभं राहून त्यासुद्धा मोबाइलवर बघत होत्या, आणि आकडा उतरला की त्यांना बरं वाटत होतं.

बाहेर बोलावल्यावर त्या आल्या तेव्हा एक तास सदतीस मिनिटं झाली होती. वीणाताई ईश्वरीला विचारत होत्या, "घरी रोज असंच होतं का गं?"

ईश्वरीने आईकडे बघितलं नाही. "कॉलेजच्या हॉस्टेलला नाही व्हायचं," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "तिथे मी सगळं खायचे. भात खायचे पोटभर. दर शनिवारी जिलेबी. एकशे तीसच्या वर कधी गेली नाही. सुट्टीत घरी आले की कोशिंबिरीला हात लावायच्या आधीच वाढायला लागायची."

"जिलेबी?" दिघेबाई म्हणाल्या. एवढं सगळं ऐकून त्यांच्या तोंडून तेवढा एकच शब्द निघाला. "तू जिलेबी खायचीस?"

टीव्हीवरचा आकडा टुणकन सहाने वर गेला. वीणाताईंनी नुसतं बोटाने तिकडे दाखवलं.

"मुलीत काही खोट नाही," त्या म्हणाल्या. "मुलगी मला पसंत आहे. पण कागद मला स्वच्छ हवा, आमच्या घरात सगळे विचारतील. तेव्हा कारण लिहा. तुमच्या अक्षरात."

दिघेबाईंनी फॉर्म पुढे ओढला. 'होय' लिहिलं असतं, तर यंत्राने नोंदलेले एकशे अठ्ठ्याऐंशी कायम राहिले असते. ईश्वरी नापास, लग्न मोडलं, पोरगी घरी आणि दिघेबाईंचं नाव शाबूत. 'नाही' लिहिलं, तर तो कागद टिपणिसांच्या घरून चार घरी जाणार, आणि मग एकशे सहासष्ट मुलींचे बाप आपापला कागद घेऊन दारात येणार. त्यांचा हात थांबला. खोटं कशाला बोला, तो हात बराच वेळ थांबला होता. ईश्वरीने पहिल्यांदाच मान वर करून त्या पेनकडे बघितलं, आणि रेघ पुन्हा एकशे साठला टेकली.

मग त्यांनी लिहिलं : 'नाही. कारण : निरीक्षकाची उपस्थिती.'

"निरीक्षक कोण आहे तेही लिहा," वीणाताई म्हणाल्या. "नुसतं निरीक्षक म्हटलं तर कुणीही वाटेल."

दिघेबाईंनी कंसात लिहिलं : 'मुलीची आई.'

"झालं. आता दोन गोष्टी माझ्या बाजूने," वीणाताईंनी पर्स मांडीवर घेतली. "पहिली, तिच्या टिकलीचा पासवर्ड आजपासून मला द्यायचा. लक्ष कुणीतरी ठेवायलाच हवं."

ईश्वरीने दंडावरच्या टिकलीवर हात ठेवला. निनाद सोफ्याच्या कडेची शिवण उसवत बसला होता. दिघेबाईंनी मोबाइल उघडून पासवर्ड सांगितला. पंधरा वर्षं तो फक्त त्यांच्याकडे होता.

"आणि दुसरी. राग मानू नका शर्मिलाताई, शास्त्राचीच गोष्ट आहे. मूल पोटात असताना आईची साखर अशी उसळली तर बाळाच्या मेंदूवर जाते, हे तुम्ही मला सांगायला हवं. तेव्हा लग्नानंतर तुम्ही आमच्याकडे यायचं नाही. तिनेही इकडे यायचं नाही. बाळंतपण आम्हीच करू. पुढे मूल झालं की त्याची टिकली बघू आणि ठरवू. फोनही नको. आवाजानेही चढते, आत्ता बघितलंत तुम्ही."

दिघेबाईंना वाटलं, आता तरी पोरगी उठेल. इतकी वर्षं रात्रंदिवस जपलेली पोर. ती म्हणेल, काहीतरीच काय बोलताय, आई आहे ती माझी. उठायची नसली तर निदान रडेल तरी. त्यांनी तोंड उघडलं, "ईशू, तू सांग त्यांना..."

"चालेल," ईश्वरी म्हणाली.

आईचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. इतकी घाई होती तिला.

सगळे टीव्हीकडे बघत होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. एकशे त्रेपन्न. एकशे सेहेचाळीस. दिघेबाई उठल्या नव्हत्या. त्या होत्या तिथेच, मुलीसमोर हातभर अंतरावर बसल्या होत्या, तिच्याकडेच बघत होत्या, आणि रेघ उतरत होती. एकशे एकतीस. ईश्वरीचे खांदे खाली आले. तिने खुर्चीला पाठ टेकली. आईच्या समोर ती पाठ टेकून बसलेली कुणी कधी बघितली नव्हती, आईनेसुद्धा नाही. लेकीचा चेहरा असा मोकळा, इतका देखणा दिसतो हे दिघेबाईंना त्या दिवशी कळलं.

"बघा, किती छान उतरली," वीणाताई हळूच म्हणाल्या. त्यांनाही जरा कसंतरीच झालं असावं.

बारा वाजून वीस मिनिटांनी यंत्राने शीळ घातली. दोन तास पूर्ण. शेवटचा आकडा निरीक्षकाने स्वतःच्या हाताने भरायचा असतो. दिघेबाईंनी चष्मा पुसला, टीव्हीवरून आकडा वाचला, मग नियमाप्रमाणे मोबाइलवर पुन्हा एकदा पडताळून घेतला. रकान्यात त्यांनी एकशे अकरा लिहिलं, पुढे 'उत्तीर्ण' लिहिलं, आणि खाली सही केली.